बाईकवरून पडले

दुर्गा एसटीच्या विभागीय कार्यालयात जेवणाचा डबा उघडत होती, तेवढ्यात शरणबसवचा फोन आला. "मॅडम, सर पडलेत. जास्त काय नाही. पण तुम्ही या," असं म्हणून त्यानं हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला. जास्त काही नाही तर हॉस्पिटल कशाला, हा प्रश्न तिला रिक्षात बसल्यावर पडला. तिनं परत फोन लावला. त्यानं उचलला नाही.

शरणबसव हा तिच्या नवऱ्याचा जुना विद्यार्थी. सुबोध ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. शरणबसव त्याच्याच विषयात दोनदा नापास झाला, पुण्याला गेला, तिथं नाना उद्योग केले आणि एक दिवस पॅरामोटर घेऊन सोलापूरला परत आला. मागे भला मोठा पंखा लावलेली तीन चाकांची हलकी गाडी आणि तिला दोऱ्यांनी बांधलेली कापडाची लांबलचक छत्री. छत्रीत वारा भरला की गाडी माणसासकट वर जायची. कुंभारीच्या पुढे, अक्कलकोट रस्त्यापासून आत, धुळाप्पा नावाच्या मेंढपाळाचा माळ होता. तो शरणबसवनं भाड्यानं घेतला आणि पहिली चक्कर आपल्या सरांना मारून आणली.

त्या दिवशी सुबोध घरी आला तेव्हा पंचेचाळिशीचा माणूस वाटतच नव्हता. पुढे तो कामशेतला जाऊन रीतसर उडायला शिकला. दर रविवारी सकाळी माळावर जायचा. दुर्गाला ते कधीच पटलं नाही. पण आठवडाभर पेपर तपासत मान खाली घालून बसणारा हा माणूस रविवारी जेवताना वाऱ्याबद्दल भरभरून बोलायचा, म्हणून ती गप्प बसायची.

हॉस्पिटलच्या दारातच शरणबसव उभा होता. शर्टाला तांबडा मुरूम लागलेला, पण केस नीट विंचरलेले. त्यानं तिला खांद्याला धरल्यासारखं करून बाजूला नेलं.

"मॅडम, आत विचारतील. बाईकवरून पडले म्हणून सांगा. मी तसंच सांगितलंय."

"बाईकवरून? अरे, आज कॉलेजला सुट्टी म्हणून ते तर माळावर..."

"ते मला माहिताय की. पण छत्रीवरून पडले म्हटलं की विमा कंपनी हात वर करती. धोक्याचे खेळ त्यांच्यात बसतच नाहीत. माझ्या एका मित्राचं तसंच झालं पुण्यात. रस्त्यावर आले घरचे सगळे."

"शुद्धीवर आहेत का ते?"

"आत्ता नाहीत. मणक्याला लागलंय बहुतेक."

तेवढ्यात दार ढकलून एक तरुण डॉक्टर बाहेर आला. "सुबोध मंगळवेढेकरांचं कोण आहे? तुम्ही मिसेस का? बाईकवरून पडले ना? हेल्मेट होतं?"

"हो," दुर्गा म्हणाली. त्यातल्या कोणत्या प्रश्नाला ती हो म्हणाली, ते तिचं तिलाही कळलं नाही. डॉक्टरनं मात्र दोन्ही लिहून घेतलं.

कमरेचा मणका मोडला होता आणि दोन्ही टाचा फुटल्या होत्या. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. पाय वाचले आहेत, पण चालण्याचं आत्ता बोलू नका, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. शरणबसव तेवढा वेळ तिथंच होता. रक्ताची सोय त्यानं केली, औषधं त्यानं आणली, तिच्यासाठी चहा आणि भाकरीही आणली. दुर्गानं त्याचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "खाली चला मॅडम, एक दाखवतो."

पार्किंगमध्ये सुबोधची बाईक उभी होती. कालपर्यंत ती माळावरच्या बाभळीखाली धड उभी असणार, कारण सुबोध तिच्यावरूनच तिथं गेला होता. आता तिचा पुढचा दिवा फुटला होता, हँडल वाकलं होतं आणि टाकीला मोठा पोचा आला होता. दुर्गा खाली वाकली. पोचा वरून आला होता, कुणीतरी दगड घालावा तसा. बाजूला एक ओरखडा नव्हता.

"हे कुणी केलं?"

"थोडं करावं लागतं की मॅडम. उद्या कोण बघायला आलं तर?" तो हसला. काल ज्या हातांनी त्यानं सुबोधला उचलून आणलं, त्याच हातांनी त्यानं दगड उचलला असणार. तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. नखं स्वच्छ कापलेली होती.

दुपारी पोलीस चौकीतले हवालदार आले. अपघात कुणी बघितला, असं त्यांनी विचारल्यावर शरणबसवनं भिंतीलगत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला पुढे केलं. पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. माळाचा मालक धुळाप्पा तो हाच.

"व्हय सायेब," धुळाप्पा जमिनीकडं बघत म्हणाला. "कुत्रं आडवं आलं. गाडी घसारली. मी मेंढरं घिऊन तितंच हुतो." पाठ केलेलं म्हणावं तसं तो म्हणाला, अंगठा उठवला आणि दुर्गाकडं एकदाही न बघता निघून गेला.

सुबोधला नीट शुद्ध आली ती दोन दिवसांनी. त्यांची मुलगी उर्वी पुण्याहून आली होती, ती घरी आंघोळीला गेली होती. दुर्गा एकटीच जवळ होती.

"छत्री जाळली का त्यानं?" हे त्याचं पहिलं वाक्य.

मग थांबत थांबत त्यानं सांगितलं. शरणबसवला संक्रांतीपासून गिऱ्हाइकांना पुढच्या सीटवर बसवून फिरवायचं होतं. सुबोधनं छत्री तपासली. वर्षभर उघड्यावर पडून उन्हानं तिचं कापड विरलं होतं. एका बाजूच्या दोन दोऱ्या तुटल्या होत्या आणि शरणबसवनं त्यांना गाठी मारल्या होत्या. सुबोध म्हणाला, ही टाकून दे. शरणबसव म्हणाला, सर तुम्ही उगीच घाबरता. तेव्हा सुबोधनं पुढच्या सीटवर वाळूचं पोतं बांधलं. दुसऱ्याचं पोर बसवण्याआधी दोन माणसांचं वजन घेऊन मीच एकदा जाऊन बघतो, म्हणाला.

"चिंचेच्या उंचीवर गेलो आणि गाठ सुटली. एक बाजू अशी घडी पडल्यासारखी मिटली." त्यानं हाताचा पंजा अर्धा दुमडून दाखवला. "एकटा असतो तर सावरलं असतं. दोघांचं वजन ती घेऊच शकत नाही, दुर्गा. तू विमा कंपनीला सगळं सांगितलंस ना?"

दुर्गानं त्याला बाईकचं सांगितलं.

"पोलिसांतही?"

"हो. नाहीतर विमा मिळाला नसता. तुम्ही बेशुद्ध होतात. मी काय करायला हवं होतं?"

संध्याकाळी शरणबसव शहाळं घेऊन आला तेव्हा दुर्गानं त्याला छत्रीचं विचारलं.

"जाळली की मॅडम! त्याच दिवशी. सरांची शपथ."

विमा कंपनीकडून तपासाला आलेल्या बाईंचं नाव दाक्षायणी. शिक्षणानं डॉक्टर, वयानं दुर्गाच्याच आसपास, आवाज मऊ. त्यांनी आधी सुबोधची विचारपूस केली, उर्वीला कॉलेजचं विचारलं, मग म्हणाल्या, "जरा कोपरं बघू सर? आणि गुडघे?"

कोपरांवर काही नव्हतं. गुडघ्यांवर काही नव्हतं.

"डांबरी रस्त्यावर घसरलेत ना?"

"हो. फुलबाह्यांचा शर्ट होता," दुर्गा म्हणाली.

"असेल. टाचा मात्र दोन्ही फुटल्यात." दाक्षायणींनी तेवढंच म्हटलं आणि पुढचं विचारलं. रस्ता कोणता, वेळ कोणती, कुत्रं कोणत्या बाजूनं आलं. दुर्गा सांगत गेली. एकेक गोष्ट सांगताना तिला ते कुत्रं स्पष्ट दिसायला लागलं, तांबूस, कान पडलेलं. शेवटी तिनं सही केली. दाक्षायणी सुबोधकडं वळल्या. "सर, तुम्हाला काय आठवतं?"

सुबोधनं दुर्गाकडं बघितलं. मग तोंड भिंतीकडं वळवलं. "मला काही आठवत नाही."

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. हा माणूस तिच्यासमोर कुणाशी खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

जाताना दाक्षायणींनी आपला नंबर दिला. "मी अजून काही दिवस सोलापुरातच आहे. काही सांगावंसं वाटलं तर फोन करा."

त्या दिवशी शरणबसव नेहमीपेक्षा लवकर आला. त्या बाईंनी काय काय विचारलं, ते त्यानं खोदून खोदून काढून घेतलं. मग दुर्गाला व्हरांड्यात बोलावून तो कठड्याला टेकला.

"आता मागं फिरायचं नाही हं मॅडम. जबाबावर तुमची सही हाय. धुळाप्पाचा अंगठा हाय. माझं नाव कुठंच नाही बघा."

"असं का बोलतोस?"

"सहज. सर तुमच्यासारखेच साधे आहेत, म्हणून म्हणतो. कोण खोलात गेलं तर मला पण तोंड उघडावं लागेल. सर माझ्याकडं पायलट होते, मी पैसे देत होतो, असं. मग कॉलेजवाले काय म्हणतील? त्यांना दुसरी नोकरी चालत नाही ना?"

"त्यांनी तुझ्याकडून कधी चहासुद्धा घेतला नाही."

"मला माहिताय की," शरणबसव म्हणाला. "पण ते मी आणि तुम्हीच सांगणार ना?" मग त्यानं आत डोकावून सरांना नमस्कार केला आणि गेला.

त्यानंतर दुर्गाला हॉस्पिटलच्या जिन्यात पावलं वाजली तरी धडकी भरायची. तो यायचाच. कधी फळं, कधी उर्वीसाठी शेंगाची चटणी. नको म्हणायची सोय राहिली नव्हती.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी उर्वी मोबाईल बघत बसली होती. "बाबा, हे बघा, तुमचा माळ!" असं म्हणून तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. व्हिडिओत आगटी पेटली होती, कुणी ज्वारीची कणसं भाजत होतं, कुणी झोक्यावर होतं. मग माळावर पसरलेली पिवळी छत्री दिसली. एका टोकाला निळं ठिगळ होतं. मागून शरणबसवचा आवाज: "आजपासून हुरडा पार्टी आणि आकाशाची सफर! पहिली सफर आपल्या गावच्या लेकीची!" आणि हेल्मेट घातलेली एक मुलगी कॅमेऱ्याकडं बघून हसली.

"ही सोनाली," सुबोध म्हणाला. "धुळाप्पाची मुलगी. नर्सिंगला आहे." तो उठायला गेला आणि ओरडला. नर्स धावत आली. तिनं त्याला खाली दाबून झोपवलं, तरी त्याचा हात दुर्गाच्या मनगटावर तसाच होता. "तीच छत्री आहे. ठिगळ लावलंय फक्त. तिला थांबव. दोन माणसं घेऊन ती परत नीट उतरणार नाही."

शरणबसवनं फोन उचलला नाही. दुर्गानं उर्वीला बापाजवळ बसवलं आणि रिक्षा केली.

कुंभारी मागं पडली तशी दोन्ही बाजूंनी ज्वारी लागली. कणसं दाण्यावर आली होती. आत वळल्यावर माळावर गाड्यांची रांग दिसली. स्पीकर चालू होता. काळ्या साड्या नेसलेल्या बायका एकमेकींना तिळगूळ देत होत्या, माणसं पत्रावळीवर गरम हुरडा आणि चटणी घेऊन फिरत होती. त्या सगळ्यांच्या पलीकडे, उघड्या जागेत, पिवळी छत्री मुरमावर पसरली होती. पुढच्या सीटवर सोनाली पट्टे आवळून बसली होती. मागच्या सीटवर शरणबसव चढत होता.

दुर्गा धावली. तिला कधी धावायची सवय नव्हती. पोचली तशी तिनं दोऱ्यांवर पाय दिला.

"अहो मॅडम! या, या. तिळगूळ घ्या," शरणबसव म्हणाला. "पाय काढा बघू तेवढा."

"हिला उतरव. ही छत्री फाटकी आहे. सर हिच्यावरूनच पडले."

आजूबाजूची माणसं गोळा झाली. शरणबसवनं हेल्मेट काढलं, सगळ्यांकडं बघितलं आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, सरांचा तर बाईकवरून अपघात झाला ना? तुम्हीच पोलिसांत सांगितलंय. कंपनीला सही करून दिलीय. हे मामा साक्षीला होते." त्यानं गर्दीतल्या धुळाप्पाकडं हात केला. "सरांमुळे मॅडमच्या मनावर परिणाम झालाय हो. साहजिक आहे."

कुणीतरी चुकचुकलं. एका बाईनं दुर्गाचा दंड धरला, "चला ताई, पाणी प्या." ती बाई मनापासून म्हणत होती. दुर्गाला त्या क्षणी दिसलं की, तिनं आता काहीही सांगितलं तरी तिचंच आधीचं सांगणं तिच्या तोंडावर हात ठेवणार होतं.

"ते मी खोटं सांगितलं," ती मोठ्यानं म्हणाली. स्पीकर चालू होता म्हणून परत म्हणाली. "मी पोलिसांत खोटं सांगितलं. विम्यासाठी. बाईक याच माळावर होती. यानं ती दगडानं फोडली. माझे मिस्टर ह्या सीटवर होते आणि आत्ता ही पोरगी बसलीय तिथं वाळूचं पोतं होतं. धुळाप्पा, तुम्ही तरी बोला."

धुळाप्पानं शरणबसवकडं बघितलं. शरणबसव शांतपणे हसत होता.

धुळाप्पाची बायको अंबुबाई आगटीजवळ कणसं चोळत होती. ती हात झाडत पुढं आली. दुर्गाशी ती बोललीच नाही. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ह्या बाई काय म्हनत्यात? सर कशावरनं पडलं?"

धुळाप्पानं डोक्यावरचा पटका सारखा केला.

"तुमास्नी इचारतीया मी. गाडीवरनं का हिच्यावरनं?"

"भाडं देतोय ग त्यो..." धुळाप्पा म्हणाला.

अंबुबाईनं पुढचं ऐकून घेतलं नाही. ती गाडीकडं गेली आणि लेकीच्या छातीवरचा पट्टा ओढायला लागली. तो तिला उघडता येईना. "काड हे. काड म्हनते न्हवं." सोनाली लाजली, "आये, लोक बघालेत," म्हणाली, पण आईचा चेहरा बघून तिनं पट्टा सोडला आणि खाली उतरली.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. शरणबसवनं हात वर केला. "कुणाला शंका नको. मी स्वतः जाऊन येतो. बघा सगळ्यांनी." त्यानं इंजिन चालू केलं. मुरूम उडाला. पिवळी छत्री आधी वाकडी उठली, मग सरळ झाली आणि गाडी थोडी धावून वर गेली. दुर्गानं डोळे मिटले. इंजिनचा आवाज माळावरून फिरत राहिला, लांब गेला, परत आला. ती वाट बघत होती. काय व्हावं असं तिला वाटत होतं, ते ती पुढं कुणालाच सांगू शकली नाही.

शरणबसव ज्वारीवरून एक मोठा वळसा घेऊन परत आला आणि अलगद उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं गाडीकडं धावली. अंबुबाई लेकीला घेऊन तोवर घराकडं निघूनही गेली होती.

तो दुर्गाजवळ आला. आता त्याला मोठ्यानं बोलायची गरज नव्हती.

"बघितलं?"

"एकटा उडालास," दुर्गा म्हणाली.

"व्हय की. आज एकटा." त्यानं तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. "उद्या दुसरं कोण तरी बसेल. सोलापुरात माणसं लई हायत मॅडम."

रस्त्यापर्यंत ती चालत आली आणि फाट्यावरून तिनं दाक्षायणींना फोन लावला.

दाक्षायणी तासाभरात हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आल्या. दुर्गानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. विमा गेला, हे धरूनच तिनं तोंड उघडलं होतं. तिला एवढंच हवं होतं, की कंपनीसारख्या मोठ्या कुणीतरी त्या माळावर जावं आणि ती छत्री ताब्यात घ्यावी. दाक्षायणी लिहून घेत होत्या. चहावर साय आली.

"तुम्हाला कुणी सांगितलं, की उडताना पडलं तर विमा मिळत नाही?" त्यांनी शेवटी विचारलं.

"शरणबसव म्हणाला. आणि सगळेच म्हणतात ना? धोक्याचे खेळ..."

"तुमच्या पॉलिसीत तसं नाही, दुर्गाताई. धंदा म्हणून उडतो त्याला मिळत नाही. हौस म्हणून उडणाऱ्याला मिळतो. पहिल्या दिवशी छत्रीवरून पडले एवढं सांगितलं असतं, तर मी फारतर एक फोन केला असता आणि मंजूर केलं असतं."

दुर्गाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं ते परत सांगायला लावलं. दाक्षायणींनी परत सांगितलं.

"मग आता सांगते ना मी खरं. आत्ता लिहून देते."

"द्या. पण खोटी हकिकत देऊन विमा मागितला, हे मला लिहावंच लागेल. त्या एका गोष्टीवर नाकारता येतो. तुम्ही आपणहून सांगितलंत, हेही लिहीन. त्याला वर कोण किती किंमत देईल, माहीत नाही." त्या उठल्या. "माळावर मी उद्या जाते. पोलिसांतही तुम्ही आजच जबाब बदला."

दाक्षायणी माळावर गेल्या. शरणबसवनं त्यांना खुर्ची दिली, हुरडा दिला आणि सरांबद्दल हळहळ व्यक्त केली. सर आमचे पगारी पायलट होते, म्हणाला. त्यानं एक फलकही दाखवला. त्यावर हेल्मेट घातलेला सुबोध आणि खाली 'आमचे मुख्य पायलट' असं छापलेलं. फलक कोरा करकरीत होता, असं दाक्षायणींनी आपल्या अहवालात लिहिलं. छत्रीला हात लावायचा अधिकार मात्र त्यांना नव्हता.

हवालदार दुर्गावर चिडले. आमचा वेळ काय फुकटचा आहे का, म्हणाले. धुळाप्पा अंबुबाईच्या मागोमाग चौकीत आला आणि त्यानंही जबाब बदलला. साहेबांची परवानगी येऊन पोलिसांची गाडी माळावर जाईपर्यंत आठवडा उलटला. तिथं आगटीची राख होती, झोका होता, मोडक्या खुर्च्या होत्या. इंजिन नव्हतं, छत्री नव्हती. शरणबसवचे दोन्ही फोन बंद लागत होते.

विमा नामंजूर झाला. खोटी माहिती हे पहिलं कारण, आणि रुग्ण धंदेवाईक उड्डाण करत असल्याचा संशय हे दुसरं. कॉलेजातून सुबोधला विचारणा झाली, की आपण अन्यत्र नोकरी करत होतात काय. दुर्गानं विमा लोकपालांकडे तक्रार केली आहे. दाक्षायणींनी तिला ती कशी करायची ते सांगितलं, पण फार आशा धरू नका, असंही सांगितलं. हॉस्पिटलचं भागवायला घरातलं काय काय मोडलं, ते दोघंही बोलत नाहीत.

महाशिवरात्रीच्या सुमारास सुबोध वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागला. एका दुपारी धुळाप्पा आणि अंबुबाई भेटायला आले. सोनालीही होती. तिनं सरांच्या पायांची बोटं हलवून बघितली, कुठं मुंग्या येतात ते विचारलं. धुळाप्पा दाराशीच बसला.

"टेंपोत घालून न्हेलं सगळं," तो म्हणाला. "कुटं न्हेलं ठावं न्हाय. कोन म्हनतं इजापूरकडं, कोन म्हनतं धरणाच्या अंगाला."

"छत्री पण नेली?" सुबोधनं विचारलं.

"ती तर आदी न्हेली."

सुबोधनं मान हलवली. तो त्या दिवसापासून रोज मोबाईलवर शोधत बसे. हुरडा पार्टी, कृषी पर्यटन, आकाशाची सफर. दुर्गा ऑफिसातून आली की तो तिला दाखवायचा, आणि ती चहा टाकायच्या आधी बघायची. बहुतेक व्हिडिओ दुसऱ्यांचेच असायचे.

मार्च संपताना एक सापडला. गावाचं नाव नव्हतं. मागं पाणी दिसत होतं, धरण असेल किंवा मोठं तळं. सूर्यासमोर धरून काढलेला, म्हणून छत्री काळी दिसत होती. ठिगळ आहे की नाही, कळत नव्हतं. मागच्या माणसाचा चेहरा कळत नव्हता. पुढं कुणीतरी बसलं होतं आणि दोन्ही हात पसरून ओरडत होतं, आनंदानं. खाली एक मोबाईल नंबर होता.

दुर्गानं तो लावला.

"बोला, बुकिंगसाठी का?" एका तरुण मुलीचा आवाज.

"नाही. हे कुठलं ठिकाण आहे? कोण चालवतं?"

"तुम्ही कुठून बोलताय मॅडम?"

"सोलापूरहून. हे बघा, माझं नीट ऐकून घ्या. त्या छत्रीवर दोघांना बसवू नका. तुमचे मालक कोण..."

पलीकडून कुणीतरी पुरुष काहीतरी म्हणाला. फोन कट झाला. नंतर तो नंबर लागलाच नाही, आणि संध्याकाळपर्यंत व्हिडिओही निघून गेला.

दुर्गा चौकीत गेली. हवालदारांनी या वेळी तिला बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठिकाण कुठलं सांगू मॅडम? कुणाच्या हद्दीत कळवू?"

तिला ते सांगता आलं नाही. ती घरी आली तेव्हा सुबोध वॉकरला धरून खिडकीशी उभा होता. बाहेर वारा सुटला होता.